आठ बोल्ट

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
रविवार, ११ जून २०२३

चि. बन्सी,

फोन तू उचलत नाहीस. अंबिकाच्या फोनवर करायचा तर पोरीला उगाच मधे घालायचं. म्हणून हे पत्र. माझ्या घरापासून तुझ्या बजाजनगरच्या कमानीपर्यंत स्कूटरच्या काट्यावर सतरा किलोमीटर भरतात. पोस्टातली बाई म्हणाली, काका, गावातल्या गावात पत्र? मी म्हणालो, व्हय, गावातल्या गावातच.

मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यातल्या वादळात मागच्या शेडचे पत्रे उडाले आणि आप्पांचा ट्रॅक्टर उघड्यावर आला. भंगारवाला फाटकातूनच विचारू लागला, गवत कापायची मशीन आहे का. त्याला आत बोलावून नीट सांगितलं की बाबा, हा ट्रॅक्टर आहे. बागेतला असला, कमरेएवढाच असला, तरी ट्रॅक्टर. एक सिलिंडर, पेट्रोलचा, दोरी ओढून सुरू व्हायचा. आमचे वडील छावणीतल्या बंगल्यावर माळी होते, तिथले साहेब बदलून जाताना देऊन गेले. यानं आम्ही निम्म्या शहराच्या बागा आणि चिकलठाण्यापर्यंतच्या मोसंब्या नांगरल्या. तो म्हणाला, आता चालतो का? मी त्याला वाटेला लावलं.

तुझी वहिनी म्हणते, देऊन टाका, जागा मोकळी होईल. मी ठरवलंय की चालू करायचा. कंपनीनं डिसेंबरात मला मोकळं केलं, वेळ आहे. तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. आयटीआयची पोरं कागद हातात घेऊन यायची आणि माझ्याकडून शिकून जायची, हे तुला माहीत आहे. माझ्याकडे कागद नव्हता, आजही नाही.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. दोरीची लाकडी मूठ तू नेली होतीस का? सापडत नाही. आणि तू शेवटचं तेल बदललंस ते कुठल्या नंबरचं होतं? चाळीसचं की तीसचं? उगाच जुनं काढायला विचारत नाही. झालं ते झालं. तू लहान होतास, चूक झाली, कबूल करायचा धीर झाला नाही. मी ते कधीच मनातून काढून टाकलंय. फक्त तेलाचा नंबर कळव.

तुझा मोठा भाऊ,
वैजनाथ


पुंडलिकनगर
रविवार, २ जुलै

चि. बन्सी,

तीन आठवडे झाले. नंबर आठवत नसेल तर तसं लिही. दोन ओळींचं कार्ड टाकायला काय लागतं.

काम कुठवर आलं ते सांगतो. बॉनेट, टाकी, कार्बोरेटर, मॅग्नेटो उतरवलं. प्रत्येक नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन, दोऱ्यात ओवून, चिठ्ठी लावून ठेवला. एकशे बारा नग झाले. एकही हरवला नाही. मॅग्नेटोला ठिणगी आहे, ही नवलाची गोष्ट. कार्बोरेटरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, ते सुईनं काढलं.

आता इंजिन. फ्लायव्हील हलत नाही, म्हणजे पिस्टन जाम आहे. आहे तसाच, तेव्हा होता तसा. हेड उघडलं. आठ बोल्ट आहेत. मला वाटलं होतं गंजून एखादा तुटेल, पण सातवा थोडा अडला तेवढंच. अर्धा तास लागला.

पिस्टन वरच्या टोकाला अडकलाय, त्यामुळे सिलिंडरची भिंत दिसत नाही. पिस्टनच्या डोक्यावर तपकिरी पापुद्रा बसलाय, पाव मिलिमीटर जाड. कार्बन असा दिसत नाही. उंदरांचं काहीतरी असेल. डिझेल ओतून ठेवलंय, आठ-दहा दिवस मुरू देतो.

एक स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. बिनतेलाचं चाललेलं इंजिन उघडलं की भिंतीवर उभे ओरखडे दिसतात, नखानं खरवडल्यासारखे, आणि कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग खाल्लेलं असतं. हे दोन्ही निघेल. निघालं की मी तुला बोलावीन. दाखवायला नव्हे, आपल्या दोघांतलं मिटवायला. समोर वस्तू असली की वाद राहत नाही. त्या वेळी मी उघडलं नाही, कारण मला गरज वाटली नाही. दोरीला एक हिसका दिला आणि हाताला कळलं.

हाताला कळतं, बन्सी. कंपनीत मी हात ठेवून बेअरिंग सांगायचो.

वैजनाथ


पुंडलिकनगर
रविवार, २३ जुलै

बन्सी,

पत्र्याची शेड नवीन घातली. यंदा चांगल्या जाडीचा पत्रा घेतला.

रंगाचा प्रश्न सुटला. बॉनेटच्या आतल्या बाजूला मूळ रंग शिल्लक होता. तो दुकानदाराला नेऊन दाखवला, त्यानं तीनदा मिसळून आणला. तिसऱ्यांदा जुळला. आधी रेड ऑक्साइडचा हात, मग पाण्यातला पॉलिश पेपर, मग रंगाचे दोन हात. दारातून पाहिलं तर आप्पांच्या वेळचाच वाटतो.

पिस्टन निघाला. डिझेलनं सुटेना म्हणून ब्लो लँपनं सिलिंडर बाहेरून शेकला. शेकताना वास सुटला. तुझी वहिनी आतून म्हणाली, "खोबरं कुणी करपवलं?" घरात खोबरं नव्हतं.

टायर मात्र गेलेत. पुढचे दोन मिळतील, मागच्यांसाठी पुण्यात विचारावं लागेल.

इंजिनाचं काम तूर्त थांबवलंय. पाऊस आहे, ओलाव्यात उघडं ठेवणं बरं नाही.

मूठ सापडली. आप्पांच्या ट्रंकेत होती. तू नेली नव्हतीस.

वै.


पुंडलिकनगर
रविवार, २० ऑगस्ट

बन्सी,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली. पहिल्यात मापं होती, दुसऱ्यातही मापंच होती. मापांशिवाय मला लिहिता येत नाही, म्हणून तीच सांगतो.

सिलिंडरची भिंत आरशासारखी आहे. एकही उभा ओरखडा नाही. कंपनीतला जुना सोबती सांडू, त्याच्याकडून बोअर गेज आणला आणि वर, मधे, खाली, आडवं-उभं, सहा ठिकाणी मोजलं. झीज दोन शतांश मिलिमीटर. नवं इंजिन वर्षभर चाललं तरी एवढी होते. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग काढलं. त्यावर तेलाचा थर होता. एकोणतीस वर्षांनी बोटाला तेल लागलं.

गंज आहे तो फक्त पिस्टनच्या वरच्या दोन रिंगांत, तोही एका बाजूला, बरोबर प्लगच्या भोकाखाली. म्हणजे वरून पाणी पडलं. पावसाचं नव्हे. पावसाच्या पाण्यानं पापुद्रा धरत नाही. पिस्टनच्या डोक्यावर पापुद्र्यात तीन धागे रुतलेले होते, चिमट्यानं सोडवले. सर्वांत लांब सव्वा इंच. काथ्या आहे तो. नारळाचा.

तुला आठवत असेल, नसेल. भूकंपाच्या पुढच्या सालची खंडेनवमी. आदल्या दिवशी तू तेल बदललंस, जुनं काढलंस, नवं घातलंस. सकाळी मी सगळे पान्हे घासून ताटात मांडले. आप्पा म्हणाले, लई झकास. मला तेवढ्यावर थांबवेना. मी बॉनेट काढून ठेवलं, प्लग उघडला, पितळी ब्रशनं चकाचक केला आणि पान्ह्यांच्या मधोमध ताटात ठेवला, हळदकुंकू लावून. माझ्या डोक्यात होतं की सगळ्या मशीनचा जीव तो, त्याची पूजा नको का. पान्ह्यांची सगळेच करतात. मग इंजिनाच्या डोक्यावरच नारळ फोडला. पाणी इंजिनावर सांडू दिलं, नैवेद्य म्हणून. तू म्हणालास, दादा, बाजूला फोड की. मी म्हणालो, तुला कळतं का मला?

प्लगचं भोक उघडं होतं.

दसऱ्याच्या सकाळी प्लग मीच लावला. घट्ट, बरोबर जोर देऊन. मग महिनाभर कामच नव्हतं. दिवाळीनंतर तू पहिल्यांदा एकट्यानं मोसंबीच्या बागेचं काम घेतलंस, शब्द दिलास, आणि सकाळी दोरी ओढली तर हलेना.

पुढचं तू विसरला नसशील. मी एक हिसका दिला आणि आप्पांच्या देखत म्हणालो, यानं जुनं तेल काढलं आणि नवं न घालता चालवलं. तू तेल मोजायची काठी काढून दाखवलीस, तेल खुणेवर होतं. मी म्हणालो, जाम झाल्यावर घातलंस.

तू म्हणालास, "दादा, उघडून बघ. आठ बोल्टं तर हायत."

मी म्हणालो, "मला उघडायची गरज नाय."

आणि आप्पा, ज्यांनी आयुष्यात कुणाला शिवी दिली नाही, ते म्हणाले, "मशीनशी खोटं बोलतो त्यानं मशीनला हात लावायचा नाय." तू त्या आठवड्यात वाळूजच्या कंपनीत लागलास आणि बजाजनगरला खोली घेतलीस. आप्पांनी बागांची कामं सोडली. ट्रॅक्टरवर मीच ताडपत्री टाकली, सुतळीनं बांधली, गाठी माझ्याच होत्या. यंदा सोडताना ओळखल्या.

एकदाही उघडला नाही. लोकांना सांगायचो, वेळ नाही. कंपनीत दर रविवारी दुसऱ्यांच्या मोटारी उघडायचो.

आणखी एक मोजमाप. या इंजिनाला आज लागतं काय, तर दोन रिंगा, एक गॅस्केट आणि सिलिंडरला हलका पॉलिश पेपर. एका दिवसाचं काम. तेव्हा उघडलं असतं तर रिंगासुद्धा वाचल्या असत्या, डिझेलनं पुसून पुन्हा बसवलं असतं. दुपारपर्यंत तू बागेत असतास.

बिघाड मोठा निघाला असता तर मला बरं वाटलं असतं.

वैजनाथ


पुंडलिकनगर
रविवार, १७ सप्टेंबर

बन्सी,

आज मुक्तिसंग्राम दिन. समोरच्या शाळेत झेंडा झाला. आप्पा दरवर्षी या दिवशी तोच किस्सा सांगायचे. पोलीस ॲक्शनच्या वेळी ते सात वर्षांचे होते. बंगल्यातल्या माळ्यांनी जुना झेंडा उतरवला आणि नवा चढवायला कुणाला गाठच बांधता येईना. हसून हसून सांगायचे. आता हा किस्सा ऐकलेले तू आणि मी, दोघंच उरलोत.

आप्पांना सांगायचं राहिलं. चौदा वर्षं झाली जाऊन. तू अंत्यविधीला आला होतास, मागच्या रांगेत उभा राहिलास, अस्थींच्या आधी गेलास. आप्पांनी डोळे मिटण्याआधी दोन दिवस मला विचारलं होतं, वैजनाथ, बन्सीनं तेल घातलंच नव्हतं ना? हा प्रश्न ते का विचारतायत, हे मला कळलं नाही. मी म्हणालो, नव्हतं घातलं. ते बरं म्हणाले आणि कूस बदलली. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता फोटोसमोर उभा राहतो, तोंड उघडत नाही. फोटोला सांगून काय होणार. सांगायला हवं होतं त्या माणसाच्या कानात.

मागच्या गुरुवारी बजाजनगरला आलो होतो. त्याच्या आधीच्या सोमवारीही. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी दूध डेअरी आहे, तिथं उभा राहिलो. तू कंपनीतून आलास, डबा हँडलला. केस पांढरे झालेत तुझे. तू कुलूप काढताना किल्ली दोनदा फिरवतोस, आप्पा फिरवायचे तशी. तुझ्या दारापासून मी चाळीस पावलांवर होतो. चाळीस पावलं मला चालता आली नाहीत. डेअरीवाल्यानं विचारलं, काय पाहिजे? मी अर्धा लिटर दूध घेतलं आणि सतरा किलोमीटर ते घेऊन आलो. घरी येईपर्यंत नासलं.

वहिनी म्हणते, "जा आणि पाय धरा." मी म्हणालो, मोठा भाऊ लहान भावाचे पाय कसे धरील. ती म्हणाली, "मग हात धरा. काहीतरी धरा." ती रागावली नव्हती. थकून म्हणाली.

रिंगा आल्यात. पुण्याहून कुरिअरनं. पाकीट फोडलेलं नाही. माझ्याच्यानं पिस्टन बसवायला होत नाही. हातात धरतो, पुसतो, परत ठेवतो. आप्पांनी जो नियम तुला लावला होता, तो खरं तर कुणाला लागू होता? मशीनशी खोटं मी बोललो. तीस वर्षं रोज दुसऱ्यांच्या मशीनला हात लावत राहिलो आणि लोक मला उस्ताद म्हणत राहिले.

उत्तर मागत नाही. पत्रं पोचतायत एवढं कळलं तरी पुरे. आता ही परत येत नाहीत, म्हणजे पोचत असावीत.

वैजनाथ


पुंडलिकनगर
खंडेनवमी, सोमवार, २३ ऑक्टोबर

बन्सी,

अंबिका बाहेर ओट्यावर बसलीय. वहिनीनं तिला चहा दिलाय आणि पुरणाची पोळी खाल्ल्याशिवाय सोडणार नाही म्हणतेय, म्हणून मला एवढा वेळ मिळालाय. घाईत लिहितोय, अक्षराकडे बघू नकोस.

सकाळी पान्हे मांडले होते. नुसते पान्हे. झेंडूचं एकेक फूल ठेवलं. नारळ आणला नाही. तेवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबली. मला वाटलं कुरिअर. पोरगी उंचीला तुझ्यावर गेलीय. पाया पडली आणि पिशवीतून माझी पाचही पाकिटं काढून माझ्या हातात दिली. एकही उघडलेलं नव्हतं. पोस्टाचे शिक्के तेवढे पुसट झालेले. मी विचारलं, कुठं होती ही? म्हणाली, देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर. बाबा हात लावू देत नव्हते.

मग तिनं पाठ करून आल्यासारखं विचारलं, "मोठे बाबा, बाबांनी एकच विचारून यायला सांगितलंय. इंजिन उघडलं का?"

मी म्हणालो, "उघडलं."

"मग काय निघालं?"

बन्सी, पाच पाकिटांत मी जे लिहिलंय ते सगळं घशात आलं. मापं, काथ्या, नारळ, सगळं. त्यातलं एवढंच बाहेर पडलं. मी म्हणालो, "तेल होतं."

तिला अर्थ कळला नाही. म्हणाली, "तेल होतं. एवढंच सांगू?"

"एवढंच सांग."

वहिनी दारात उभी होती. ती आत गेली. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला.

पाचही पाकिटं परत अंबिकाकडेच देतोय. पहिली दोन ठेवून घ्यावी असं मनात आलं होतं. त्यांत मी तुला खोटं पाडलंय, वर क्षमाही केलीय. काढूनही ठेवली होती बाजूला, मग परत लावली. तारखेवार आहेत.

पत्रांबरोबर एक फडकं आहे, जड लागेल. त्यात पिस्टन आहे, कनेक्टिंग रॉड आहे आणि रिंगांचं न फोडलेलं पाकीट. औषधाच्या डबीत काथ्याचे तीन धागे. त्याच फडक्यात दोरीची मूठ गुंडाळलीय. ट्रॅक्टर शेडमध्ये आहे. रंग झाला, टाकी झाली, मागचे टायरही मिळाले. बाहेरून बघशील तर तयार वाटेल. आत सिलिंडर रिकामा आहे, वरून जुनं धोतर कोंबलंय, धूळ जाऊ नये म्हणून. हेडचे आठ बोल्ट वाटीत, तेलात ठेवलेत. मी बसवणार नाही. आप्पांनी ज्यानं हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं, तो मी. एवढा एकच नियम आता माझ्या हातानं पाळता येतो.

तेल कुठलं घालायचं ते अजून मला माहीत नाही. ते विचारणारं पत्र तू उघडलंच नाहीस, ते बरोबरच केलंस.

अंबिका गाडी वळवतेय. पत्रं नाही उघडलीस तरी चालेल. फडकं तेवढं सोड.

वैजनाथ